राजांच्या थडग्यांत सासूबाईंचं माहेर

ग्योंगजू, ४ ऑक्टोबर

मीरान,

आशीर्वाद नेहमीचेच, पण या वेळी हात जरा आखडता घेऊन.

सोबतच्या खोक्यात तिळाच्या तेलाची बाटली, मिरचीपूड आणि वाळवलेला मुळा आहे. सणाला आलेली धाकटी जाऊ रिकाम्या हातांनी सोलला परत गेली, असं शेजारणींनी म्हणायला नको म्हणून पाठवते. दरवर्षी तेलाच्या दोन बाटल्या असतात, हे तुझ्या लक्षात येईलच. यंदा तीळ कमी आले. (तीळ कमी आलेले नाहीत. तरी एकच पाठवतेय.)

तू म्हणशील, ताई फोन का करत नाहीत? फोनवर तू मध्येच "ताई, ऐका ना" म्हणतेस आणि मला मेलीला ऐकावं लागतं. पत्रात ती भानगड नाही. आणि घरच्या ग्रुपमधून मी बाहेर पडले ते चुकून बोट लागून नव्हे. यांनी सगळ्यांना तसं सांगितलंय, पण मी मुद्दाम पडले. त्या फोटोंखाली तुझ्या सोलच्या मावसनणंदेने लिहिलं होतं, "धाकटी सून असावी तर अशी!" ते वाचून थोरलीने काय करायचं? टाळ्या वाजवायच्या?

मी जळत नाही हं. गैरसमज नको.

फक्त काय झालं ते एकदा नीट मांडते, कारण तू रडत गाडीत बसलीस आणि भावजींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच तुला चिमटा काढला. चुसॉकच्या सणाच्या आदल्या दिवशी मी पहाटेपासून पाइनची पानं पसरून तांदळाच्या पिठीची सोंगप्योन वाफवत होते. तू आलीस तेव्हा शेवटचा घाणा उतरत होता. "अय्या ताई, झालं पण सगळं?" म्हणालीस. झालं बाई. सगळं तुझ्या गाडीची वाट बघत थांबलं असतं तर पितर उपाशी गेले असते. दुसऱ्या दिवशी पूजा झाली, पुरुष डोंगरावर घरच्या थडग्यांना जाऊन आले, पंचवीस माणसं जेवून उठली. मी भांड्यांत कोपरापर्यंत बुडालेली, आणि तू सासूबाईंना म्हणतेस, "आई, चला, फिरायला जाऊ!"

आणि त्या निघाल्या! गुडघा दुखतो म्हणून ज्या माझ्याबरोबर बाजारापर्यंत येत नाहीत, त्या! भाड्याचा फिकट गुलाबी हानबोकचा पोशाख घालून ताऱ्यांच्या मनोऱ्याजवळच्या गुलाबी गवतात उभ्या! राजवाड्याच्या तळ्यावर उभ्या! राजांच्या थडग्यांच्या बागेत, त्या हिरव्या टेकड्यांमध्ये उभ्या! हातात आईस्क्रीम! आणि हसताहेत. मीरान, सासूबाई तोंडावर हात धरल्याशिवाय हसत नाहीत. तीसेक वर्षं मी त्यांचा तो हातच पाहत आलेय. तुझ्या फोटोत हात नाही. त्यांचा वरचा एक दात सोन्याचा आहे, हे मला तुझ्या फोटोवरून कळलं.

आम्ही ग्योंगजूची माणसं. पिकतं तिथे विकत नाही. तो मनोरा मला भाजी आणायला जाताना दिसतो, तेवढा पुरतो. फिरायला जायचं असतं हेच आम्हांला कधी सुचलं नाही.

म्हणून तुम्ही परत आल्यावर मी सगळ्यांसमोर म्हटलं, "एवढंच प्रेम आहे तर कायमच्याच घेऊन जा." ते म्हणायला नको होतं, असं हे म्हणतात. मी अजून विचार करतेय.

तुझी,
दोकसुन

ता.क. सासूबाईंनी विचारलंय, आईस्क्रीम कुठलं होतं?


ग्योंगजू, १९ ऑक्टोबर

मीरान,

तुझा फोन सासूबाईंना आला, मला नाही, हे समजलं. या वेळी खोकं नाही. नुसतं पत्र. पर्सिमॉनची फळं अजून सोलून वाळवायची आहेत.

काल आम्ही बुलगुक्सा मंदिराला जाऊन आलो. सहज. तुझ्याशी त्याचा काही संबंध नाही.

सकाळी यांना म्हटलं, टॅक्सी आज प्रवाशांना न देता आम्हांला द्या. हे म्हणाले, "मीटर टाकू का?" जन्मभर परक्या लोकांना देवळं दाखवत हिंडले, पण बायको मागे बसली की विनोद सुचतात. मी छत्री घेतली, चटई घेतली, पाण्याची बाटली, गुडघ्याचं मलम, सालं काढलेले पेअर आणि अंगावर घ्यायला शाल घेतली. सासूबाई बघत राहिल्या.

"अगं आनगांगकरणी," म्हणाल्या, "मला देवाला नेतेस की दवाखान्यात?"

माझं माहेर आनगांग, म्हणून मी जन्मभर आनगांगकरीण. तू सोलकरीण. त्या स्वतः ह्वांगनामकरीण. या घरात आपल्या नावांनी आपल्याला कोणी ओळखत नाही. पण तुला त्या हल्ली "मीरान" म्हणतात, ते मी ऐकलंय.

देवळात शाळांच्या सहली आल्या होत्या. पिवळ्या टोप्या घातलेली शेदोनशे पोरं. दगडी पुलाखाली उभं राहून मी सासूबाईंना म्हटलं, "अहो आई, हसा, फोटो काढते."

"हसण्यासारखं काय आहे?"

"मीरानबरोबर हसलात की."

"ती मस्करी करते. तू सूचना करतेस."

आणि मग फोटोत पुन्हा तोंडावर हात. मी आईस्क्रीमही घेतलं बरं का. दोन. त्यांनी एक घास चाखला आणि म्हणाल्या, "ते दुसरं होतं." तुझ्या आईस्क्रीमचं नाव तू कळवलं असतंस तर ही वेळ आली नसती.

परत येताना गाडीत त्या सासऱ्यांची आठवण काढत होत्या. लग्नानंतर ते दोघं या देवळात आले होते, तेव्हा पावसाने चिंब भिजले, आणि सासऱ्यांनी स्वतःचा कोट बायकोच्या डोक्यावर धरण्याऐवजी स्वतःच्याच नव्या टोपीवर धरला. मला हसू आलं. ही गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकली. क्षणभर वाटलं, जमतंय. मग सासूबाई म्हणाल्या, "हे मी मीरानला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की खाली बसली."

उष्टी गोष्ट. मला उष्टी गोष्ट मिळाली, मीरान.

दोकसुन


ग्योंगजू, ६ नोव्हेंबर

मीरान,

पर्सिमॉन पाठवलेत. सासूबाईंनी खोक्यावर स्वतः दोरी बांधली, म्हणून गाठ अशी आहे. माझी गाठ सुटते.

तू भावजींच्या हातून निरोप दिलास, "ताईंना म्हणावं, चढाओढ नको." कसली चढाओढ? सुनेने सासूला समुद्रावर नेलं की लगेच चढाओढ झाली का?

तर नेलं. मुन्मू राजाच्या समाधीपाशी. बुलगुक्साला गर्दी असते, म्हटलं समुद्र मोकळा असतो. आणि तिथे तू त्यांना नेलं नव्हतंस. हो, हेही कारण होतं. लिहिते मोकळेपणी.

किनाऱ्यावर नेहमीसारखी मांत्रिक बायकांची झांजा-ढोलकी चालू होती, समुद्रपक्षी कोळंबीच्या कुरकुऱ्यांवर झडप घालत होते, आणि समोर पाण्यात ते खडक. मेल्यावर ड्रॅगन होऊन किनारा राखीन असं म्हणून तो राजा तिथे जाऊन निजला, ते लहानपणी शाळेत आपण सगळ्यांनीच घोकलंय. मी चटई पसरली ती खडक नीट दिसतील अशी. सासूबाई आल्या, चटईवर बसल्या आणि समुद्राकडे पाठ केली.

"अहो आई, राजा तिकडे आहे."

"असू दे. खडकच आहेत."

"मग आलो कशाला एवढ्या लांब?"

"तू आणलंस म्हणून."

एक तास, मीरान! एक तास त्या पाठमोऱ्या बसून कच्ची मासळी खात होत्या. एकदाही मान वळवली नाही. सासूने पाठ फिरवणं म्हणजे काय, ते मी काल डोळ्यांनी पाहिलं. हे म्हणाले, "अगं, ऊन डोळ्यांवर येत असेल." दुपारी ऊन मावळतीकडून येतं. आपला समुद्र उगवतीला. म्हणजे त्या उन्हाकडे तोंड करून, डोळे बारीक करून, घाम पुसत बसल्या, पण समुद्राकडे बघितलं नाही! जन्मभर टॅक्सी चालवली, तरी यांना दिशा कळत नाहीत.

तुझ्याबरोबर त्या सगळं बघतात. माझ्याबरोबर काहीच बघायचं नाही, असं त्यांनी ठरवलंय. मी काय वाईट केलं त्यांचं? सासऱ्यांच्या आजारपणात मी. त्यांच्या मोतीबिंदूच्या वेळी मी. वर्षाकाठी सगळ्या पितरांची पानं मी वाढते, आणि तू महाराणीच्या थाटात "ताई, उशीर झाला" म्हणत उंबऱ्यात उगवतेस. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असाच.

हे जरा जास्त झालं. पण शाईने लिहिलंय, आता राहू दे.

दोकसुन


ग्योंगजू, २७ नोव्हेंबर

मीरान,

किमची झाली. दोन डबे पाठवलेत, एक कमी तिखट, पोरांसाठी. हे माझ्या रागाच्या हिशेबात धरू नकोस. किमची आणि राग यांची आम्ही सरमिसळ करत नाही.

आज मी तुला एक गोष्ट विचारणार आहे आणि तुला खरं उत्तर द्यायचंय.

काल गल्लीतल्या सगळ्या बायका कोबीला मसाला भरत बसलो होतो. पलीकडची म्हातारी सासूबाईंना म्हणाली, "ह्वांगनामकरणी, तू लहानपणी पोतं ढुंगणाखाली घेऊन राजाच्या थडग्यावरून घसरत यायचीस, आठवतं का?" सगळ्या हसल्या. सासूबाईही हसल्या, तोंडावर हात धरून. ही गोष्ट सगळ्या ग्योंगजूला माहीत आहे. त्यांचं घर त्या टेकड्यांना टेकूनच होतं. अख्खी वस्तीच होती तिथे. टेकडीच्या उतारावर मिरच्या वाळायच्या, बकरी चरायची. मग सरकारने बाग करायची ठरवली, घरं उठवली, भिंत घातली. सासूबाई तेव्हा लग्न होऊन या घरात आलेल्या होत्या. माहेरी जायला निघाल्या की आता तिकीट काढून जावं लागतं, असं त्या एकदा बोलून गेल्या होत्या. तेवढंच. त्या घराचं पुढे त्यांनी कधी नाव घेतलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

माझं आनगांगचं घर अजून उभं आहे. भाऊ राहतो. मी जाते तेव्हा परसातल्या त्याच दगडावर बसते. म्हणून काल मला वाटलं, मी इतके दिवस त्यांना देवळं दाखवत हिंडतेय, आणि त्यांना बघायचं आहे ते इथेच आहे. काखेत कळसा म्हणतात तसं. आज सकाळी मी त्यांना काही न सांगता बाजाराच्या निमित्ताने बाहेर काढलं आणि टेकड्यांच्या बागेच्या दारात नेलं. या वेळी छत्री नाही, चटई नाही, मलम नाही. म्हटलं, "अहो आई, तुमचं घर कुठे होतं ते मला दाखवा."

त्या दारातच थांबल्या. हात सोडवून घेतला.

"इथे तुझ्याबरोबर नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही. घरी चल."

"मीरानबरोबर चालतं?"

"मीरानबरोबर चालतं."

असं, सरळ. तिकिटाच्या खिडकीतला माणूस ऐकत होता.

मी घरी येऊन तुझे फोटो पुन्हा काढून बघितले. (ग्रुप सोडला तरी फोटो मी ठेवलेत.) एका फोटोत सासूबाई टेकडीच्या पायथ्याशी एका जागेकडे बोट दाखवताहेत. तीच जागा ना? तुला दाखवली. तू या घरात सणापुरती येतेस, तुला दाखवली. मी रोज त्यांच्या पायांना तेल लावते, मला दारातून परत पाठवलं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, मी जळत नाही. ते खोटं होतं. मीरान, मी जळते. तुझ्या गुलाबी हानबोकवर नाही, तुझ्या आईस्क्रीमवर नाही, त्या बोटावर जळते. मला त्या बागेत जायचंय. त्यांनी मला म्हणायला हवंय, "आनगांगकरणी, हे बघ, इथे आमचं घर होतं." दुसरं मला काही नको. तेल हवं तर चार बाटल्या नेत जा.

तिथे त्या तुला काय म्हणाल्या? माझ्याबरोबर का नाही? तुला माहीत आहे. सांग.

दोकसुन


ग्योंगजू, १८ जानेवारी

मीरान,

तुझा फोन आला तेव्हा मी तो आपटणार होते. पण तू "ताई, ऐका ना" म्हणालीस.

आता तू जे सांगितलंस ते मी इथे पुन्हा लिहून काढते. मला ते कागदावर बघायचंय, कारण रात्रंदिवस मनात घोळतंय.

त्या दिवशी बागेत तू आईंना विचारलंस, "आई, इथे ताईंना कधी आणलं होतं?" आणि त्या म्हणाल्या, "तिला कशी आणू? तिच्या हातचं मला मेल्यावर जेवायचंय." त्यांच्या आईने त्यांना सांगून ठेवलं होतं, की आपण मेल्यावर जिच्या हातच्या श्राद्धाच्या भातात आपला चमचा उभा खोवायचा, तिच्याबरोबर थडगी बघत हिंडू नये. वरच्या पितरांना वाटतं, ही मरायच्या घाईला आलीय. आणि मग त्या तुला म्हणाल्या, "तू आहेस फिरायला. ती आहे नंतरसाठी. तिला सांगू नकोस, उगीच जीवाला लावून घेईल."

फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. समुद्राकडे केलेली ती पाठ आठवली. ते खडक थडगंच की! आणि घरच्या थडग्यांवर तर आपल्याकडे पुरुषच जातात. सासऱ्यांना नेलं त्या दिवशी मी निघत होते, तेव्हा सासूबाईंनी "कोण चूल बघणार?" म्हणून मला घरी बसवलं होतं. इतक्या वर्षांत आम्ही दोघी मिळून एका थडग्यासमोरही उभ्या राहिलेलो नाही. मला कधी जाणवलंच नाही.

तुला वाटलं असेल, ताई आता विरघळतील. केवढा मान! पितरांचं पान माझ्या हातचं, असं त्यांनी ठरवून ठेवलंय!

मी विरघळले नाही. मी आणखी जळले. म्हणजे जिवंतपणी हिंडणं-फिरणं, मस्करी, गुलाबी गवत तुझ्याबरोबर, आणि मेल्यावरचा भात माझ्याकडे? तुला हसऱ्या सासूबाई, मला त्यांची तसबीर? हा कुठला न्याय?

पण मग तू फोनवर जे रडत म्हणालीस तेही डोक्यातून जात नाही. "ताई, तुम्ही फिरण्यावर जळता. मला या घरात येऊन इतकी वर्षं झाली, एका पानाला कोणी हात लावू देत नाही. 'तू बस, तुला जमायचं नाही, तुझी साडीच खराब होईल' म्हणतात. पाहुणीला फिरवतात, ताई. घरच्या बाईला भांडी देतात."

पहिल्यांदा मला राग आला. मग आठवलं, ते "तुला जमायचं नाही" मीच म्हणते. तुझी गाडी उशिरा येते, पण एकदा तू लवकर आली होतीस तेव्हाही मी तुला भाजी निवडायलासुद्धा दिली नव्हती. (साडी शब्द माझा. तू स्कर्ट म्हणाली होतीस, पण शेजारणीला हे सांगताना मी साडी म्हटलं, कारण ती भारतातल्या मालिका बघते, आणि तेच तोंडात बसलं.)

तर मी एक ठरवलंय. मार्चमध्ये सासऱ्यांचं श्राद्ध आहे. दोन दिवस आधी ये. सगळं पान तू करायचंस. भात, मासा, धिरडी, शार्कचे तुकडे, भाज्या. मी चुलीजवळ येणार नाही. सासूबाईंना मी सांगणार आहे, "अहो आई, तुमच्या पानाचं अजून ठरलेलं नाही. आता मीरानही करणार. कोणाच्या हातचा भात, ते वरच्यांनाही माहीत नाही, मग घाई कसली?" बघू त्या काय म्हणतात. त्यांच्या आईने दोन सुनांबद्दल काही सांगून ठेवलेलं नसेल.

येशील ना? तेलाच्या दोन बाटल्या पाठवल्यात.

दोकसुन


ग्योंगजू, २९ मार्च

मीरान,

तू गाडीत बसताना विचारत होतीस, "ताई, बागेत काय झालं?" आणि मी म्हटलं, "पत्रात लिहीन." सगळ्यांच्या देखत सांगायची गोष्ट नव्हती. आणि तुला थोडं झुरवायचंही होतं.

आधी तुझ्या पानाबद्दल बोलू. कौतुक करायचं ते करते. मासा तुटला नाही, धिरडी गोल झाली, शार्कच्या मांसाला तू नाक मुरडलं नाहीस. पण पालकाच्या भाजीत लसूण? मीरान, पितरांच्या पानात लसूण! मला वास आला तेव्हा मी दारात उभी होते आणि जीभ दाताखाली धरून ठेवली होती. मला माझंच कौतुक वाटतं. आणि तो भात! भावजींनी वाटीत चमचा उभा खोवला, तो हळूहळू वाकला. हे पुढे झाले, पुन्हा उभा केला, पुन्हा वाकला. तिसऱ्यांदा तर थेट माशावर जाऊन पडला. सगळे पुरुष जमिनीला कपाळ टेकवून होते आणि त्यांच्या पाठी हलत होत्या. सासरे आले असले तर हसत आले असतील. तू रडकुंडीला आली होतीस, पण शपथेवर सांगते, या घरातलं इतकं जिवंत श्राद्ध मी पाहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू भांड्यांत कोपरापर्यंत बुडालेली होतीस. मी कोट चढवला आणि म्हटलं, "अहो आई, चला, फिरायला जाऊ." तू वळून पाहिलंस. तुझा चेहरा बघून मला जे बरं वाटलं ते देवच जाणे. एकदा तरी तुलाही कळू दे, म्हटलं.

दारापर्यंत त्या आल्या. तिकिटाच्या खिडकीपाशी थांबल्या. या वेळी मी हात धरला नाही. त्या थोडा वेळ टेकड्यांकडे बघत राहिल्या, मग माझ्या आधी आत गेल्या.

मॅग्नोलिया फुलला होता. दोन टेकड्यांच्या मधल्या त्या झाडाशी फोटो काढायला जोडप्यांची ही रांग! सासूबाई रांगेच्या कडेकडेने सरळ चालत गेल्या, काठी टेकत. फोटोसाठी उभं असलेलं एक जोडपं बोटांचा बदाम करून हसत होतं, त्यांच्याजवळ जाऊन थांबल्या. म्हणाल्या, "आनगांगकरणी, हे बघ."

मी म्हटलं, "इथे घर होतं?"

"घर तिकडे. ते मीरानला दाखवलं. ओसरी, चूल, आईचे सॉसचे रांजण, सगळं. ती पोरगी नटून आली होती, तिला काय दाखवणार? इथे आमचा संडास होता."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"अगदी इथेच, ती दोघं उभी आहेत तिथे. वर नुसतं गवताचं छप्पर. पावसात एकटीला भीती वाटायची, म्हणून मी इथे बसून मोठमोठ्याने गाणी म्हणायची. पलीकडे राजा झोपलेला. आई ओरडायची, 'अगं, राजाला तरी झोपू दे!'"

आणि त्या हसल्या. इतक्या की काठी हातातून सुटली आणि त्यांनी दोन्ही हातांनी माझा दंड धरला. तोंडावर धरायला हातच उरला नाही. तो सोन्याचा दात मी अगदी जवळून पाहिला. मी हसताना खाली बसले. ते जोडपं घाबरून बाजूला झालं. फोटो नाही. फोन मी घरी विसरले होते. तुला विश्वास ठेवावा लागेल.

तुला ओसरी दाखवली, मीरान. मला संडास दाखवला. आता तूच सांग, जवळची कोण?

परत येताना बाकावर बसलो. मी म्हटलं, "अहो आई, वरच्यांना वाटेल ना आपण घाईला आलो?"

"आता नाही वाटायचं."

"का?"

"काल तो भात बघितलास ना? चमचा तीनदा पडला. तिच्या हातचं जेवायचं असेल तर मी मरतेय कशाला!" मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात त्या समुद्रातल्या राजाकडे परत जाऊ. त्या वेळी बघितलाच नाही मी त्याला."

म्हणून, धाकट्या जाऊबाई, तुला एक विनवणी आहे. पुढच्या वर्षी आणि त्याच्या पुढच्याही वर्षी श्राद्धाचं पान तूच कर. लसूण घालू नकोस, मासा सांभाळ, धिरडी आहेत तशीच छान कर. पण भात शिकायच्या भानगडीत पडू नकोस. कोणी शिकवायला आलं तरी ऐकू नकोस, मीसुद्धा आले तरी. तो चमचा उभा राहता कामा नये.

तुझी,
ताई